शेळीची मर्यादित आवृत्ती

मी सेलूच्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो आणि भिंतीवर चित्रं काढणाऱ्या लोकांचे स्क्रीन प्रिंट जमवतो. पहिली गोष्ट सांगितली की लोक मान डोलावतात. दुसरी सांगितली की विचारतात, "म्हणजे लग्नपत्रिका?"

त्यांचं चुकत नाही. आमच्याकडं स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत एवढंच ठाऊक होतं. मग एका प्रशिक्षणाला पुण्याला गेलो. जेवणाच्या सुट्टीत रस्ता चुकलो आणि एका गल्लीत थांबलो. समोर चार मजली भिंतीवर एक वॉचमन झोपला होता. खुर्चीत, तोंड उघडं, एका पायातली चप्पल गळून पडलेली. एवढा मोठा माणूस एवढा निवांत झोपलेला मी पाहिला नव्हता. प्रशिक्षणाचा दुपारचा भाग बुडाला. त्याचं वाईट वाटलं नाही.

नंतर कळलं की ते चित्र मुंबईच्या एका तरुण चित्रकार बाईनं काढलंय, आणि तेच चित्र ती कापडाच्या बारीक जाळीतून कागदावरही छापून घेते. फक्त पन्नास. प्रत्येकाखाली शिसपेन्सिलीनं आकडा आणि सही. पन्नास झाले की जाळी धुऊन टाकायची, म्हणजे एक्कावन्नावा कधीच निघणार नाही. भिंतीवरचं चित्र सगळ्यांचं असतं, कुणा एकाचं नसतं, असं ही मंडळी मुलाखतींत सांगतात. ते मला मनापासून पटलं, आणि पटल्याबरोबर ते चित्र आपल्या घरी असावं असं वाटायला लागलं.

पन्नासातला सातवा मला मिळाला. त्यानंतर आणखी आले, दुसऱ्या चित्रकारांचे. पोस्टमन लांब नळकांडी घेऊन यायचा आणि शेजारी विचारायचे, ट्यूबलाइट मागवली का. मी ते प्रिंट दिवाणात, दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये, मऊ कागदात ठेवायचो. भिंतीवर लावायची सोय नव्हती. उन्हानं रंग उडतो. आमच्याकडं मार्चपासूनच भिंतीला हात लावता येत नाही, तिथं कागदाची काय कथा. त्यामुळं रस्त्यावरच्या लोकांसाठी काढलेली चित्रं आमच्या गाद्यांखाली अंधारात राहायची. महिन्यातून एकदा मी पांढरे हातमोजे घालून ती बाहेर काढायचो, बघायचो आणि परत ठेवायचो.

बायको घरी शिलाईचं काम करते. एकदा मशीन थांबवून म्हणाली, "भिंतीवर फुकट दिसतंय त्यासाठी इतकं कामून करायलाव?"

"हे मर्यादित आहेत."

"हो, दिवाणातली जागा पण मर्यादितच हाय."

एका पावसाळ्यात दिवाणाला ओल आली आणि वॉचमनच्या कोपऱ्याला पिवळा डाग पडला. मला जेवण गेलं नाही. कागदाचं कळणारा माणूस गावात एकच होता, स्टेशनच्या रस्त्यावरचे स्क्रीन प्रिंटिंगवाले चाचा. चाळीसेक वर्षं त्यांनी या भागातल्या लग्नाच्या पत्रिका छापल्या. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं होतं. आता पिशव्या आणि थोड्याफार पत्रिका एवढंच उरलं होतं. मी प्रिंट घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवून हातमोजे चढवले.

चाचांनी माझ्या हातांकडं बघितलं. "दवाखान्यातून आलाव का, सर?"

मी डाग दाखवला. त्यांनी डागाकडं बघितलंच नाही. उघड्या अंगठ्यानं वॉचमनच्या पोटावरून हात फिरवला. माझ्या तोंडून "अहो!" निघालं. त्यांनी परत फिरवला, मग खणातून भिंग काढून नाकावर धरलं.

"सर, हे स्क्रीनचं काम न्हाई."

"म्हणजे?"

"मशिनीचं हाय. कम्प्युटरमधून निघालेलं. जाळीतून रंग वतला की थर बसतो, बोटाला लागतो. हे बोटाला काही सांगंनाच गेलंय. तुमीच बघा."

मी भिंगातून बघितलं. वॉचमनच्या नाकावर निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. मी बराच वेळ ठिपके मोजत असल्यासारखा वाकून राहिलो, कारण सरळ उभं राहून चाचांकडं बघायचं नव्हतं. आमचा संग्राहकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं मी या प्रिंटच्या रंगाच्या थराबद्दल सविस्तर लिहिलं होतं. लोकांनी वाहवा केली होती.

"आणि हा डाग?" मी विचारलं.

"डाग खरा हाय," चाचा म्हणाले.

घरी येऊन मी चित्रकार बाईंना लांबलचक मेसेज लिहिला. राग होता, पण भाषा सभ्य ठेवली. चार दिवसांनी फोन आला.

"सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्याकडं ठेवलेला एक मी भिंगाखाली धरला. ठिपकेच आहेत. छापणाऱ्यानं मला स्क्रीन म्हणून सांगितलं होतं आणि मशीनवर काढले. मी पन्नास वेळा सही केली आणि एकदाही नीट बघितलं नाही."

एवढं सरळ उत्तर येईल याची माझी तयारी नव्हती. भांडायला काही उरलंच नाही.

"बाकीच्यांच्या लक्षात आलं का?" मी विचारलं.

"कुणाच्याच नाही. फक्त तुमच्या."

एकोणपन्नासजण होतो आम्ही, सगळे जाणकार. तिनं पुढं विचारलं, "कसं ओळखलंत?" तेव्हा "बघितल्याबरोबर कळलं" असं म्हणायचा मोह मला झाला. पण तेवढ्यात शिलाई मशीन थांबलं होतं आणि बायको ऐकत होती. मी चाचांचं सांगितलं.

"मला त्यांना भेटायचंय," ती म्हणाली.

तिनं सगळ्यांना खरं काय ते कळवलं, नको असेल त्यानं प्रिंट परत पाठवा म्हणून सांगितलं आणि दिवाळीनंतर खरोखरच सकाळच्या गाडीनं सेलूला उतरली. पाठीवर बोजा, पँटवर रंगाचे शिंतोडे. बायकोनं मुंबईची कलाकार येणार म्हणून नवे कप काढून ठेवले होते. पाहुणीनं स्वयंपाकघरात जमिनीवर बसकण मारली आणि तिसरं धपाटं मागून घेतलं. त्यानंतर दोघी मिळून माझ्या हातमोज्यांबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मी कॉलेजला निघून गेलो.

दुपारी चाचांची भेट झाली. चित्रकार बाई आतल्या खोलीत गेली ती दोन तास बाहेर आलीच नाही. ताणून बसवलेल्या जाळ्या, रबराच्या पट्ट्या, दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या पत्रिका. तिला काय बघू आणि काय नको असं झालं होतं. भिंग डोळ्याला लावून पत्रिका तपासणाऱ्या चाचांचं तिनं चित्र काढलं आणि म्हणाली, हे मोठं करून तुमच्या गावातल्या भिंतीवर चिकटवते.

"बेटी, माझा फोटो भिंतीवर?" चाचा घाबरले. "लोक म्हणतील इलेक्शनला उभा राहिला."

मी वेगळ्या कारणानं घाबरलो होतो. मी अनुदानित संस्थेतला नोकरदार. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काही करायचं नाही असं मी सांगितलं आणि स्वतःच अर्ज लिहिला. कापसाच्या एका बंद गोदामाची भिंत होती. मालकानं अर्जावर शेरा मारला, "भिंत होती तशी करून द्यावी." बाईनं तो कागद दोनदा वाचला. म्हणाली, "आजवर पोलिसांना चुकवून काम केलं. अर्ज करून पहिल्यांदाच."

कागदाचे मोठे तुकडे तिनं अंगणात रंगवले. बायकोनं मैद्याची खळ शिजवून दिली आणि बाईनं त्यात साखर घातली. साखरेनं कागद घट्ट बसतो म्हणे. दिवस मावळायच्या आत चाचा गोदामाच्या भिंतीवर चिकटले, कमरेपासून वरचे, माणसाहून उंच, एक डोळा भिंगाच्या मागं परडीएवढा. खरे चाचा रस्त्याच्या पलीकडं उभे राहून बघत होते आणि कुणी ओळखायच्या आत निघून गेले.

सकाळी आम्ही फोटो काढायला गेलो तर चाचा छातीपर्यंत गायब होते. भिंतीला लागून वीसेक शेळ्या होत्या. एक काळी शेळी मागच्या पायांवर उभी राहून चाचांच्या दाढीचा कागद ओढत होती. शेळ्यांना हाकणारी बाई हातात काठी घेऊन धावत आली. सुगी झाल्यावर रिकाम्या रानांत शेळ्या चारत ती वालूरकडून या बाजूला उतरली होती. आमच्या हातातला कॅमेरा बघून तिचं तोंड उतरलं.

"मी वळवायलेच व्हते बाई, पर ही काळी ऐकंना. एकीनं तोंड लावलं की बाकीच्या आल्याच. काय घातलं व्हतं ह्यात, गूळ?"

"साखर," चित्रकार बाई म्हणाली आणि भिंतीसमोरच्या दगडावर बसून हसायलाच लागली. शेळीवाली आधी बुचकळ्यात पडली, मग तीही हसली. मी हसलो नाही. परवानगीच्या अर्जावर सही माझी होती. अर्थात भिंत होती तशी करून द्यायची अट शेळ्यांनी जवळजवळ पूर्ण केली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "तोंड ठेवलं ना? मेहरबानी."

त्याच दिवशी चित्रकार बाईनं नवं चित्र काढलं. मागच्या पायांवर उभी काळी शेळी, भिंतीवर अर्धा उरलेला म्हातारा आणि शेळीच्या तोंडात लोंबणारी कागदाची पट्टी. हे चाचांच्या हातून, चाचांच्या जाळीतून छापायचं ठरलं. चार रंग, चार जाळ्या, प्रत्येक रंग वाळेपर्यंत थांबायचं. दोन दिवस मी कॉलेज सुटलं की तिथंच. चाचा रबराची पट्टी दोन्ही हातांनी एका दमात ओढायचे, जाळी उचलायचे, आणि खाली शेळी असायची. इतक्या वर्षांत मी इतके प्रिंट घेतले, पण तो रंग कागदावर उतरताना पहिल्यांदा बघितला.

तीस झाल्यावर बाई म्हणाली, "बस."

चाचांनी पट्टी हवेत धरली. "तीसच? बेटी, ही जाळी हजाराला पुरंल."

"तीसच काढायचे चाचा. मग जाळी धुवायची."

"चांगली जाळी?"

मी पुढं होऊन त्यांना मर्यादित आवृत्ती समजावून सांगितली. कमी असलं की किंमत राहते, वगैरे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लग्नपत्रिका पण मर्यादितच असती सर," ते म्हणाले. "पर पाहुणे वाढले तर आमी अजून काढतो."

बाईनं तीस सह्या केल्या, या वेळी एकेक प्रिंट बघून. चौथा क्रमांक मला भेट दिला. बाकीचे विकायला घेऊन दुपारच्या गाडीनं ती निघाली आणि जाळी धुतली जाईल एवढं बघा म्हणून मला सांगून गेली. दोन दिवसांनी मी गेलो. चाचांनी चारही जाळ्या एकेक करून उजेडासमोर धरल्या. लख्ख होत्या. मी त्यांचा फोटो काढून बाईला आणि आमच्या ग्रुपवर पाठवला.

नंतर बायको वालूरला माहेरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मेथीनं भरलेली कापडी पिशवी होती. तिनं ती ओट्यावर ठेवली आणि तिची एक बाजू माझ्याकडं वळवली. पिशवीवर काळ्या शाईत शेळी होती. मागच्या पायांवर उभी. तोंडात कागद.

"वालूरच्या किराणा दुकानात द्यायलेत," ती म्हणाली. "माझ्या भावजयीकडं दोन हायेत."

मी सायकल काढली. चाचा दुकानात चहा पीत होते.

"चाचा, जाळी धुतली होती ना?"

"धुतली की. तुमी फोटू काढला."

"मग पिशव्यांवर शेळी कुठून आली?"

"धुवायच्या आधी." चाचांनी बशी खाली ठेवली. "वालूरची ऑर्डर व्हती. एका बाजूला दुकानाचं नाव, दुसरी बाजू कोरी. शाई काढलेली उरली व्हती. इतकं चांगलं चित्र, एका दिवसात धुऊन टाकायचं, माझं मन व्हईना सर. फक्त काळ्या रंगाची जाळी मारली."

"पण तीसच काढायचे असं ठरलं होतं!"

"कागदावर तीसच काढलेत. कापडाचं बोलणं झालंच न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. मी स्वतःच तिथं उभा होतो, आणि खरंच कापडाचा विषय निघाला नव्हता.

मी काय केलं ते सांगायला आज लाज वाटते. मी बायकोला कोऱ्या जाड पिशव्या शिवायला लावल्या, दुहेरी बंदाच्या. तिनं शिवल्या, पण एकेक शिवताना माझ्याकडं बघून. बाजाराच्या दिवशी त्या घेऊन मी वालूरला गेलो आणि शेळीची पिशवी दिसेल त्या माणसाला थांबवून म्हणायला लागलो, ही जुनी द्या, ही नवी घ्या.

पहिल्या दोघींनी दिली. तिसरीनं विचारलं, "कामून पायजे?" मी म्हणालो, छपाईत चूक झाली आहे. तिनं पिशवी उलटीपालटी करून बघितली. चूक दिसली नाही. तासाभरात बाजारभर झालं की सेलूचा एक सर शेळीच्या पिशव्या गोळा करायलाय, त्यात कायतरी हाय. ज्यांनी त्या पिशवीत कांदे टाकले होते त्यांनी कांदे काढून पिशवी घडी घालून कमरेला खोचली. किराणा दुकानदार मला हात जोडून म्हणाला, "सर, तुमी जा बरं. सकाळपासून लोक सामान न घेता पिशवी मागायलेत."

दुर्मीळ वस्तूचं आकर्षण कसं तयार होतं ते मी ग्रुपवर लोकांना अनेकदा समजावलं होतं. तयार होताना बघायची ही पहिली वेळ.

बाजाराच्या टोकाला, शेळ्या विकायला उभ्या करतात तिथं, मला ती शेळीवाली दिसली. तिच्या खांद्याला तीच पिशवी होती आणि पिशवीतून एका दिवसाच्या करडाचं डोकं बाहेर आलं होतं. ओलसर कान, डोळे मिटलेले. तिनं मला ओळखलं.

"ह्या काळीचंच हाय," ती करडाकडं बघून म्हणाली. "आन् ही पिशवीवरची बी काळीच. त्या बाईनं लय हुबेहूब काढली. दुकानदाराला म्हणलं, माझी शेळी हाय, मला द्यावी लागंल."

मी नवी पिशवी पुढं केली. कसंबसं सगळं सांगितलं. असे फक्त तीसच असायला पाहिजेत, जास्त झाले की ज्यांनी घेतलेत त्यांचं नुकसान होतं.

तिनं ऐकलं. "तुमच्याकडं हाय का एक?"

"आहे. कागदावर."

"मंग तुमी तुमचं ठिवा, मी माझं ठिवते. माझ्याचमुळं तुमचं कमी व्हत असंल तर शेळी तरी माझी कामून काढली?"

करडानं डोळे उघडले आणि बारीक आवाजात ओरडलं. मी नवी पिशवी तिला तशीच दिली आणि बसस्टँडवर आलो. सहा पिशव्या मिळाल्या होत्या. एकीला लसणाचा वास येत होता.

संध्याकाळी चित्रकार बाईला फोन करून सगळं सांगितलं, बाजारासकट. मग तिनं विचारलं, "कापडावर रेघ कशी आलीय? फुटलीय का?"

मी पिशवी दिव्याखाली धरली. रेघ फुटली नव्हती. कागदापेक्षा चांगली बसली होती, आणि ते मला चाचांनी न सांगता कळलं.

"मला एक पाठवा," ती म्हणाली. "पण लसणाची नको."

तिनं प्रिंट घेतलेल्या सगळ्यांना कळवलं. दोघांनी प्रिंट परत केले. आमच्या ग्रुपवर आठवडाभर गदारोळ झाला. चाचांना अप्रामाणिक म्हणणाऱ्यांत असे लोक होते ज्यांना वॉचमनचे ठिपके दिसले नव्हते. मी त्यांना उत्तर लिहिलं, ठिपके चाचांनीच ओळखले होते. ग्रुपवर मी एवढं थोडक्यात कधीच लिहिलं नव्हतं. मग आणखी एक मेसेज आला, खासगी, बंगळूरच्या एका जुन्या संग्राहकाचा. त्याला "वालूरची कापडी प्रत" हवी होती, शक्यतो वापरलेली. मी पाच पिशव्या बायकोच्या ताब्यात देऊन टाकल्या. तिनं दळणाला वापरायला काढल्या.

बाईनं चाचांचं काम मात्र बंद केलं नाही. उन्हाळ्यात तिची पुढची आवृत्तीही सेलूतच छापायची ठरली. चाचांनी या वेळी आधीच कागदावर लिहून घेतलं, कागद किती, कापड किती. कापडापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं शून्य लिहिलं आणि जरा वाईट वाटून माझ्याकडं बघितलं.

या वेळी भेट घ्यायची नाही, रीतसर विकत घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. विक्री मोबाईलवर होती, दुपारी बाराला. मी चाचांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून बारा वाजायची वाट बघत होतो. बाराला पान उघडलं, नाव भरलं, पत्ता भरला, पिनकोड भरला, आणि "संपले" असं आलं. चार मिनिटं झाली होती. माझ्या डोक्यावर दोरीला तेच प्रिंट चिमट्यांनी टांगलेले होते.

"काय झालं सर? चेहरा उतरला."

"सगळे विकले गेले."

चाचांनी दोरीकडं बघितलं. "कुणाला? इथं तर कुणी आलं न्हाई."

"लांबच्या लोकांना. फोनवरून."

"त्यांनी बघितलं पण न्हाई?"

"नाही."

"तुमी तर इथं बसून बघायलाव."

"हो."

"मग बघा की," चाचा म्हणाले आणि पंख्याची गती कमी करायला उठले, कागद फडफडत होते म्हणून.

मी स्टुलावरून उठून दोरीखाली उभा राहिलो. दोन वाजता मला तास होता. तिसरा रंग अजून ओला होता, त्यामुळं हात लावायचा प्रश्नच नव्हता.